दुसऱ्या क्रमांकाची गरज

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की ‘हेलो’ हा आपला गेम २०२६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही येईल. ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, त्यांना या बातमीत विशेष काही वाटणार नाही. पण नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स बाजारात उतरवला, तो याच गेमच्या जिवावर. कन्सोलवर हेलो खेळायचा असेल तर एक्सबॉक्स घ्या, हे जवळजवळ पाव शतक चालत आलेले समीकरण होते, आणि ते आता मायक्रोसॉफ्टनेच मोडले. (हेलो घडवणारा बंजी हा स्टुडिओ २०२२ पासून सोनीच्याच मालकीचा आहे. या धंद्यात शत्रूचे घर आणि आपले घर यांत फार अंतर नसते.) प्लेस्टेशनच्या चाहत्यांनी या घोषणेचा अर्थ आपला विजय असा लावला. सोनी जिंकली यात वाद नाही. पण सोनीचा विजय हा सोनीच्या गिऱ्हाइकाचाही विजय असतो का? गेल्या तीस वर्षांचा हिशेब मांडला तर उत्तर नकारार्थी येते. कन्सोल विकत घेणाऱ्याला जे काही चांगले मिळाले, त्यातले बरेचसे पहिल्या क्रमांकाच्या कंपनीला मागून दम देणारा कोणीतरी होता म्हणून मिळाले. तो दम देणारा आता शर्यतीतून बाजूला होतो आहे, आणि त्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर दिसूही लागली आहे.

कन्सोलचे खप इतक्या ईर्ष्येने का मोजले जातात, हे कळायला या धंद्याचे गणित पाहावे लागते. यंत्र विकून कंपनीला फारसे सुटत नाही, कित्येकदा पदरचेच घालावे लागतात. २०२१ मध्ये एपिक आणि अ‍ॅपल यांच्यातल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. पैसा येतो तो नंतर. त्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचा गेम विकला गेला की यंत्राच्या मालकाला वाटा मिळतो. डिजिटल दुकानात हा वाटा साधारण तीस टक्के असतो. गेममधल्या तलवारी, पोशाख, नवे टप्पे यांवरही तोच वाटा, आणि ऑनलाइन खेळण्याची वर्गणी वेगळी. तळे राखील तो पाणी चाखील, असा हा सरळ व्यवहार आहे. त्यामुळे विकलेले प्रत्येक यंत्र म्हणजे पुढच्या सात-आठ वर्षांच्या वसुलीचा एक नाका, आणि जितके नाके जास्त तितके गेम बनवणारे आपल्याकडे ओढले जाणार. यंत्र स्वस्त ठेवण्याची सक्ती यातूनच येते. पण या सक्तीला एक अट आहे. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल ही भीती खरी असली पाहिजे. ती नसेल तर तोटा सोसून यंत्र विकण्याचे कारणच उरत नाही.

ती भीती खरी असताना काय घडत होते? मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने आपले सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केले. त्यानंतर सोनीचा प्रतिनिधी मंचावर आला, त्याने २९९ एवढा आकडा उच्चारला आणि तो खाली उतरला. सोनी तेव्हा या धंद्यात नवखी होती. तिचे प्लेस्टेशन मुळात निन्टेंडोबरोबरच्या फिसकटलेल्या भागीदारीतून जन्मले होते, आणि पाय रोवायचे तर दर पाडणे भाग होते. त्या यंत्राचा खप पुढे दहा कोटींच्या पार गेला. सॅटर्न कोटीचा आकडाही गाठू शकले नाही. सेगाने नंतर ड्रीमकास्ट आणले, तेही ९१ लाखांच्या आसपास अडकले आणि २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच सोडले. पण सेगा गेली त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आली, त्यामुळे दबाव टिकून राहिला. मे २००२ मधला आठवडा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सोनीने प्लेस्टेशन २ ची अमेरिकेतली किंमत २९९ वरून १९९ डॉलरवर आणली. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स १९९ ला दिला. आठवडाभरात निन्टेंडोने गेमक्यूब १४९ वर नेला. प्लेस्टेशन २ तेव्हा तिघांत कितीतरी पुढे होते, तरीही सोनीला हात सैल सोडावा लागला. हेच यंत्र २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागले होते. त्याचा एकूण खप साडेपंधरा कोटींच्या वर गेला, त्यामागे या घसरत्या किमतीचा वाटा मोठा आहे. भारतासारख्या देशात पहिल्यांदा कन्सोल घरात आले ते बऱ्याच जणांच्या बाबतीत याच यंत्राच्या रूपाने.

पण खरा धडा त्यापुढच्या पिढीत आहे. प्लेस्टेशन २ च्या यशाने सोनीच्या डोक्यात हवा गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले ते ४९९ आणि ५९९ डॉलरला. एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच ३९९ ला, आणि कमी सोयींचे रूप २९९ ला, बाजारात होता. निन्टेंडोचा वी तर २४९ ला आला. सोनीचा हिशेब असा होता की लोक आपल्याला सोडून जाणार कुठे? लोक गेले. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३० अब्ज येनच्या वर तोटा झाला, आणि प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी २००७ मध्ये त्या विभागाच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ चे सडपातळ रूप २९९ डॉलरला आले, म्हणजे तीन वर्षांत वरच्या मॉडेलची किंमत निम्म्यावर. मायक्रोसॉफ्टलाही काही फुकट मिळाले नव्हते. एक्सबॉक्स ३६० ची यंत्रे इतक्या मोठ्या प्रमाणावर बंद पडत होती की जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी वाढवून त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. ही उदारता नव्हती. नादुरुस्त यंत्र घेऊन बसलेला माणूस उद्या प्लेस्टेशन घेईल, हे मायक्रोसॉफ्टला पक्के ठाऊक होते. त्या पिढीत तिन्ही यंत्रांनी आठ कोटींचा आकडा ओलांडला. वी दहा कोटींच्या पुढे गेला, बाकीचे दोघे एकमेकांच्या अगदी जवळ राहिले. तिघांतला एकही निर्धास्त नव्हता, आणि गिऱ्हाइकाचे दिवस त्याहून चांगले आधीही नव्हते, नंतरही आले नाहीत.

२०१३ चे उदाहरण किमतीपलीकडचे आहे, म्हणून अधिक बोलके. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची घोषणा करताना दोन अटी घातल्या. यंत्र चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडले पाहिजे, आणि वापरलेल्या डिस्क विकण्यावर किंवा मित्राला देण्यावर निर्बंध येतील. किंमत ४९९ डॉलर. जून महिन्यात सोनीने व्यासपीठावरून सांगितले की आमच्याकडे असली बंधने नाहीत आणि किंमत ३९९ आहे. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. वर्षभरात किनेक्ट हा कॅमेरा वगळून किंमतही ३९९ वर आणली. वापरलेली डिस्क विकण्याचा हक्क कुठल्या कायद्याने किंवा न्यायालयाने वाचवला नाही. तो प्रतिस्पर्ध्याने वाचवला. त्याच संध्याकाळी सोनीने एक गोष्ट मात्र हळूच उरकून घेतली. प्लेस्टेशनवर तोवर फुकट असलेले ऑनलाइन खेळणे प्लेस्टेशन ४ पासून वर्गणीचे झाले. टाळ्यांच्या कडकडाटात ते फारसे कोणाच्या कानावर पडले नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. स्पर्धा जर एवढी गुणकारी, तर ऑनलाइन वर्गणीचे काय? मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये ती सुरू केली, सोनीने २०१३ मध्ये उचलली, निन्टेंडोने २०१८ मध्ये. तिघे प्रतिस्पर्धी असूनही तिघांनी एकाच खिशात हात घातला. हे मान्य केले पाहिजे. स्पर्धक एकमेकांच्या सवलतींची नक्कल करतात, तशी एकमेकांच्या वसुलीचीही करतात. पण वसुली वाढवताना हात किती आखडावा लागतो, हे मात्र स्पर्धेवर ठरते. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने या वर्गणीचे दर जवळजवळ दुप्पट करायचे ठरवले. लोक खवळले, आणि कंपनीने त्याच दिवशी निर्णय फिरवला. तेव्हा एक्सबॉक्सची नवी पिढी बाजारात येऊन दोन-अडीच महिनेच झाले होते आणि सोनीशी गाठ घालण्याची जिद्द शिल्लक होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच कंपनीने, ऑनलाइन खेळणे आणि गेमांचे भांडार एकत्र देणाऱ्या गेम पास अल्टिमेटची मासिक वर्गणी २० डॉलरवरून ३० डॉलरवर नेली, म्हणजे एका फटक्यात निम्म्याने वाढ. लोक याही वेळी खवळले. या वेळी मात्र निर्णय लगेच फिरला नाही. दोन्ही वेळी कंपनी तीच आणि संतापही तेवढाच. फरक पडला तो हरण्याच्या भीतीत.

मायक्रोसॉफ्टने जिद्द का सोडली? त्यामागे आळस नव्हता. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत जे कारण सांगितले, ते या सगळ्या विषयाचे मर्म आहे. त्यांचे म्हणणे असे की एक्सबॉक्स वनची पिढी ही हरण्यासाठी सगळ्यात वाईट पिढी होती, कारण त्याच काळात लोकांनी आपला डिजिटल संग्रह उभारला. डिस्कच्या काळात प्रत्येक नव्या पिढीला पाटी बरीचशी कोरी व्हायची. जुने गेम नव्या यंत्रावर चालतीलच असा भरवसा नसे, मग सोनीकडून निन्टेंडोकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे जायला अडत नसे. म्हणूनच प्लेस्टेशन २ चा सम्राट प्लेस्टेशन ३ च्या वेळी धुळीस मिळू शकला. आता प्लेस्टेशन ४ वर घेतलेले बहुतेक सगळे गेम प्लेस्टेशन ५ वर चालतात, खाते तेच, मित्रांची यादी तीच, कमावलेल्या ट्रॉफ्या त्याच. शंभर गेमांचा संग्रह असलेला माणूस पन्नास डॉलरच्या फरकासाठी घर बदलत नाही. प्लेस्टेशन ४ चा खप ११ कोटी ७० लाखांच्या वर गेला. एक्सबॉक्स वनचे आकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून देणेच बंद केले, पण २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे कंपनीने कबूल केले की प्लेस्टेशन ४ तिच्या यंत्राच्या दुपटीहून जास्त खपले. २०२३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डच्या खरेदीवरून अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाशी खटला चालला, तेव्हा तर कंपनीने आपण ही शर्यत हरलो आहोत हेच बचावाचे शस्त्र केले. ६८.७ अब्ज डॉलरचा तो सौदा पार पडला. एवढ्या किमतीला घेतलेला ‘कॉल ऑफ ड्यूटी’ फक्त एक्सबॉक्सवर विकणे परवडणारे नव्हते, शिवाय तो प्लेस्टेशनवरही येत राहील असा शब्द नियामकांचे समाधान करताना द्यावा लागला होता. म्हणजे ज्या खरेदीने एक्सबॉक्स बळकट व्हायचा, तिनेच मायक्रोसॉफ्टला सगळ्यांच्या यंत्रावर गेम विकणारा प्रकाशक करून टाकले. सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत एक्सबॉक्स यंत्रांपासूनचे उत्पन्न आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा २९ टक्क्यांनी घसरले.

आता किमतींकडे पाहू. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आले. पूर्वीच्या चालीप्रमाणे पाच वर्षांनी ते ३०० डॉलरच्या आसपास असायला हवे होते. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२५ मध्ये ते ५४९ झाले, आणि युरोप, जपानमध्ये तर वाढ २०२२ पासूनच सुरू झाली होती. एक्सबॉक्स सीरीज एक्स ४९९ वरून मे २०२५ मध्ये ५९९ आणि ऑक्टोबरमध्ये ६४९ झाला. निन्टेंडोने २०१७ सालचे मूळ स्विच, आठ वर्षांनी, त्याचा वारसदार बाजारात आल्यानंतर, अमेरिकेत महाग केले. जुने यंत्र जुने होता होता महाग व्हावे, असे या धंद्याच्या इतिहासात सरसकट कधी घडले नव्हते. भारतातही प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० वर गेले.

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते, आणि ते खोटे नाही. चिपा पूर्वीसारख्या दर दोन वर्षांनी स्वस्त होत नाहीत. पूर्वी तीच चिप लहान आकारात बनवली की खर्च घटायचा, यंत्रही सडपातळ व्हायचे. आता लहान चिप बनवणेच महाग पडते. भरीला महागाई, अमेरिकेची आयातशुल्के, घसरलेला येन. हे सगळे मान्य केले तरी त्यातून एवढेच सिद्ध होते की खर्च वाढला. तो कोणी सोसायचा हा प्रश्न वेगळा आहे. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ बनवण्याचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीहून खूप जास्त होता. तरीही सोनीने किंमत वाढवली नाही, उलट घटवत नेली, कारण शेजारी एक्सबॉक्स उभा होता. आणि खर्च हेच एकमेव कारण असेल, तर जपानमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये जे घडले त्याचा उलगडा होत नाही. सोनीने तिथे फक्त जपानी भाषेत चालणारे, डिस्कविना प्लेस्टेशन ५ आणले, ५५,००० येनला. तशाच साध्या मॉडेलची तिथली किंमत तोवर ७२,९८० येन होती. जपानमधल्या चिपा वेगळ्या नाहीत, येनही बळकट झाला नव्हता. वेगळे एवढेच होते की त्या देशात निन्टेंडोचे स्विच २ हे फक्त जपानी भाषेतले यंत्र ४९,९८० येनला धडाक्याने खपत होते. म्हणजे जिथे मागून पावले ऐकू आली तिथे एका झटक्यात १८ हजार येन कमी करायला जागा सापडली. अमेरिकेत ती पावले ऐकू येत नव्हती, म्हणून तिथे पन्नास डॉलर वाढले.

दुसरा आक्षेप चाहत्यांकडून येतो, आणि तो भावनिकदृष्ट्या जास्त वजनदार आहे. गेम एकाच यंत्रापुरते कोंडून ठेवणे ही मुळात गिऱ्हाइकाची अडवणूक होती. हेलो प्लेस्टेशनवर आणण्याची घोषणा झाली, सोनीचे गेम २०२० पासून पीसीवर येऊ लागले, ‘हेलडायव्हर्स २’ तर २०२५ मध्ये एक्सबॉक्सवरही आला. भिंती पडत आहेत, मग रडायचे कशासाठी? एका यंत्रावर सगळे गेम मिळणे सोयीचे आहे, हे खरे. पण कोंडलेले गेम जन्माला का येत होते, हेही विचारले पाहिजे. ‘बायोनेटा २’ सेगाने बासनात गुंडाळला होता. निन्टेंडोला आपल्या वी यू या पडत्या यंत्रासाठी काहीतरी वेगळे हवे होते, म्हणून तिने पैसे घातले आणि २०१४ मध्ये तो गेम आला. वी यू वाचला नाही, १ कोटी ३५ लाखांवर थांबला, पण गेम राहिला. असे कितीतरी गेम यंत्र खपवण्याच्या निकडीतून निघाले. स्वतःच्या पायावर नफा दाखवण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. ती निकड गेली की प्रत्येक गेमकडे स्वतंत्र हिशेबाने पाहिले जाते. आणि आजचे हिशेब घाबरवणारे आहेत. २०२३ च्या त्याच खटल्यात बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ ला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ ला २१ कोटी डॉलरहून अधिक खर्च आला होता. एवढे पैसे लावणारा माणूस नवे काही करण्यापेक्षा जुन्याचाच तिसरा भाग काढणे पसंत करतो.

तिसरा आक्षेप: कन्सोलचा प्रतिस्पर्धी कन्सोलच कशाला हवा? मोबाइल आहे, पीसी आहे. जगभरच्या गेमांच्या उलाढालीतला जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा आहे. पीसी गेमांचे स्टीम हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र आणले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडायच्या स्टीम मशीनची घोषणा केली. या आक्षेपात मला सर्वांत जास्त तथ्य दिसते. पीसी हेच उद्याचे दुसरे घर ठरू शकते, कारण स्टीमवर डिजिटल संग्रहाचे जाळे प्लेस्टेशनइतकेच घट्ट विणलेले आहे. मोबाइलचे मात्र तसे नाही. मोबाइल लोकांचा वेळ खातो, पण प्लेस्टेशनवर शंभर गेम घेऊन बसलेल्या माणसाला पर्याय देत नाही. आणि व्हॉल्व्हची अडचण अशी की ती यंत्र तोट्यात विकायला फारशी उत्सुक दिसत नाही. पीसीसारख्या खुल्या यंत्रावर गिऱ्हाईक दुसऱ्याच दुकानातून गेम घेऊ शकते, मग यंत्रात घातलेला पैसा वसूल कसा होणार? खुलेपणा आणि स्वस्ताई यांचे इथे जमत नाही.

मग या कंपन्यांचे भवितव्य काय? मायक्रोसॉफ्टविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती जगातल्या सर्वांत मोठ्या गेम प्रकाशकांपैकी एक म्हणून आरामात जगेल. यंत्र काढले तरी ते हौशी, महागडे आणि पीसीच्या जवळचे असेल, अशीच चिन्हे आहेत. सोनी नफ्यात आहे. प्लेस्टेशन ५ सप्टेंबर २०२५ अखेर ८ कोटी ४२ लाखांवर पोहोचले होते, आणि मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात गेम विभागाने ४०० अब्ज येनच्या वर नफा मिळवला. पण प्लेस्टेशन दहा कोटी, प्लेस्टेशन ४ पावणेबारा कोटी, आणि प्लेस्टेशन ५ त्याच वाटेवर, हे पाहिले की कळते की तीस वर्षांत गिऱ्हाइकांची संख्या जवळजवळ तिथेच आहे. संख्या वाढत नसेल आणि प्रतिस्पर्धी नसेल, तर नफा वाढवायला एकच वाट उरते: त्याच माणसाकडून जास्त घेणे. दुसरी वाट, म्हणजे वर्षानुवर्षे चालणारे ऑनलाइन गेम काढण्याची, सोनीने चोखाळून पाहिली. ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद करून सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागले.

निन्टेंडोची गोष्ट निराळी आहे. क्योटोतली ही कंपनी १८८९ मध्ये पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली आणि तिने दुसऱ्याच्या मैदानात खेळायचे नाही हे फार पूर्वी शिकून घेतले. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल काही तासांत पिऊन टाकायचा. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा आणि खपाच्या बाबतीत त्याने गेम गिअरला जवळ येऊ दिले नाही. जुन्या, स्वस्त झालेल्या तंत्राचा नव्या कामी वापर हे गुनपेई योकोई यांचे सूत्र वी आणि स्विचपर्यंत टिकले. स्विचने सप्टेंबर २०२५ अखेर १५ कोटी ४० लाखांचा टप्पा गाठला, म्हणजे निन्टेंडोच्याच डीएसची बरोबरी. स्विच २ ने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एक कोटी यंत्रे खपवली. पण या कंपनीच्या कुंडलीत वीनंतर वी यू आहे. तिलाही भीतीनेच ताळ्यावर आणले होते. २०११ मध्ये थ्रीडीएस खपेना, सोनीचे व्हिटा दाराशी आले होते, तेव्हा सहा महिन्यांच्या आत किंमत २५ हजार येनवरून १५ हजारांवर आणली गेली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आज हातात धरायच्या यंत्रांत तिला जपानमध्ये तोडीचा स्पर्धक उरलेला नाही, आणि ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला विकताना तिचा हात थरथरला नाही. स्विचच्या काळात भारतात तर ती अधिकृतपणे दुकान मांडायलाही आली नव्हती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवर आला, आणि तो ज्या यंत्रावर आला ते पुण्याच्या माणसाला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या किंवा तशाच कुठल्या बाजारातून, वॉरंटीशिवाय, विक्रेता सांगेल त्या भावाला घ्यावे लागत होते.

प्रतिस्पर्धी हुकमाने निर्माण करता येत नाही. सेगा गेल्यावर मायक्रोसॉफ्ट आली, पण मायक्रोसॉफ्टची जागा घ्यायला संग्रहाची भिंत ओलांडण्याइतके पैसे आणि इतका धीर असलेली कंपनी दिसत नाही. गूगलने स्टेडिया ही इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा काढून २०२३ च्या जानेवारीत बंदही केली. तेव्हा निदान दुकान तरी खुले असावे, असा आग्रह धरणे शक्य आहे. एप्रिल २०१९ पर्यंत प्लेस्टेशनच्या पूर्ण गेमांचे डिजिटल कोड इतर दुकानांतही मिळत. सोनीने ते बंद केले आणि तेव्हापासून डिजिटल गेमचा दर ठरवणारी ती एकटीच राहिली. आज सोनीच्या यंत्रांवर विकल्या जाणाऱ्या पूर्ण गेमांपैकी सुमारे तीन चतुर्थांश डिजिटल असतात, म्हणजे डिस्कचा पर्यायही आक्रसत चालला आहे. या एकाधिकाराविरुद्ध ब्रिटनमध्ये पाच अब्ज पौंडांपर्यंतच्या भरपाईचा सामूहिक दावा २०२२ मध्ये दाखल झाला, आणि तो चालवण्याजोगा आहे असा निर्णय तिथल्या स्पर्धाविषयक न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये दिला. भारताच्या स्पर्धा आयोगाने गूगलच्या प्ले स्टोअरच्या अटींवर २०२२ मध्ये ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तेव्हा डिजिटल दुकान हा विषय आपल्या नियामकाला अपरिचित नाही. कोडची विक्री इतर दुकानांना पुन्हा खुली करा एवढी मागणी फार मोठी नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, सोनीचा तीस टक्क्यांचा वाटाही जात नाही. फक्त एकाच गेमला दोन दुकानांत दोन भाव लागू शकतील.